नाशिकमध्ये ऑटिझम असलेल्या मुलाला आणि घरच्यांना थेरपीपलीकडे आधार कुठे मिळतो?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा साडेतीन वर्षांचा, निदान नुकतंच झालेलं, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू, घर सिडकोत. आणि तुम्ही विचारताय की थेरपी सेंटरच्या बाहेर आपल्या गावात कुटुंबासाठी काही सोय आहे का, की हा गाडा नवरा-बायकोनेच ओढायचा. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिचं निदान झालं तेव्हापासून आम्ही नाशिकमध्येच आहोत, त्यामुळे अनुभवाचं आणि खात्रीचं तेवढं सांगतो.

सोय आहे, पण एका छताखाली नाही. थोडी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आहे, थोडी महापालिकेत, थोडी शाळेत, आणि सगळ्यात जास्त आहे ती आपल्यासारख्याच दुसऱ्या आई-वडिलांकडे. माझा आग्रह असा की सुरुवात या शेवटच्यांपासून करा. बहुतेक घरांत उलटं होतं. आधी थेरपीचे तास वाढतात, मग बचत संपते, मग कुणाची तरी नोकरी सुटते (ती जवळजवळ नेहमी आईचीच असते), आणि अंगात त्राण उरत नाही तेव्हा कुठे माणसं शोधायला सुरुवात होते.

थेरपिस्टकडे मूल आठवड्याचे दोन-तीन तास असतं. उरलेला सगळा वेळ ते तुमच्याकडे, आजी-आजोबांकडे, जिन्यात, किराणा दुकानात असतं. खरं शिकणं तिथे होतं. गोव्यात आणि रावळपिंडीत याची रीतसर चाचणी झाली आणि ती २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आली. तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांचे मुलाशी खेळतानाचे व्हिडिओ घेतले आणि ते त्यांच्याबरोबर बसून पाहिले. मूल कशाकडे बघतंय, आपण कुठे घाई केली, कुठे थांबायला हवं होतं, हे पालकांनाच दिसू लागलं. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आई-वडिलांशी स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. म्हणून तुमच्या थेरपिस्टला या आठवड्यात एवढंच विचारा: ‘सेशनला मी आत बसू का, आणि घरी काय करू ते दाखवाल का?’ जे सेंटर पालकांना कायम दाराबाहेर ठेवतं ते मला पटत नाही.

आता माणसांबद्दल. आपल्या देशात या क्षेत्रातलं कितीतरी काम पालकांनीच उभं केलंय. दिल्लीची ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ १९९१ मध्ये सुरू झाली ती मेरी बरुआ या आईच्या धडपडीतून. मुंबईचा ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा पालकांचाच गट. आणि आपल्या नाशिकमध्ये रजनीताई लिमयांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेव्हा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेची कल्पनाही इथे फारशी कुणी केली नव्हती. तुमच्या मुलाला विशेष शाळा लागेल की नाही हे आत्ताच सांगता येणार नाही. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता एक नव्हेत, काही मुलांत दोन्ही असतं, काहींत नसतं. तरीही अशा जुन्या संस्थेत एकदा जाऊन या. तिथल्या ताईंनी शेकडो कुटुंबं जवळून पाहिलेली असतात, आणि मोठी झालेली मुलं काम करताना दिसली की आपल्या मनातलं भविष्याचं चित्र बदलतं. माझं बदललं.

पालकांचा गट शोधायला लांब जावं लागत नाही. सेंटरच्या बाहेर बाकावर बसलेली चार माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. त्यातल्या प्रत्येकाला बोलायचं असतं आणि प्रत्येकाला वाटतं समोरच्याला नको असेल. आमचा गट तिथूनच सुरू झाला, तीन घरांपासून. आम्ही रविवारी सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, एखाद्या बागेत भेटतो. भाषण नाही, पाहुणे वक्ते नाहीत. मुलं आपापलं करतात, कुणी झोक्यावर, कुणी त्याच त्या झाडाभोवती, आणि कुणीही कुणाकडे वळून बघत नाही. पहिल्यांदा आलेल्या आईला यातच केवढं हलकं वाटतं ते मी अनेकदा पाहिलंय.

या गटातून जे मिळतं ते कुठल्याही डॉक्टरांच्या फाइलमध्ये नसतं. पंचवटीतला कोणता केशकर्तनकार मशीन बाजूला ठेवून नुसत्या कात्रीने, मूल जमिनीवर बसलं तर स्वतः जमिनीवर बसून केस कापतो. कोणते दंतवैद्य शेवटची वेळ देतात, म्हणजे बाहेर ताटकळावं लागत नाही. कुठल्या मिसळवाल्याकडे सकाळी सातला कोपऱ्यातलं टेबल मिळतं आणि तर्री न घातलेली वाटी न मागता येते. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दोन तासांची अदलाबदल: एका शनिवारी गटातल्या दुसऱ्या घरचं मूल आमच्या घरी, पुढच्या शनिवारी आमची मुलगी त्यांच्याकडे. त्या दोन तासांत काय करायचं हे आधी ठरवू नका. झोपलात तरी चालेल.

वडिलांना आणा, हे मी मुद्दाम लिहितोय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये असलेला माणूस ‘मला वेळ नाही’ म्हणतो, आणि खरंच नसतो. पण दुसऱ्या बापाशी बोलल्यावर तो जे ऐकतो ते बायकोकडून शंभरदा ऐकूनही आत गेलेलं नसतं. मोठं भावंड असेल तर त्यालाही आणा. त्याला कुणी काही विचारत नाही आणि त्याच्या पोटात खूप साठलेलं असतं.

नाशिकचं एक खास सांगायला हवं: आपला ढोल. एरवी अभिमानाची गोष्ट, पण ज्या मुलाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही त्याच्या छातीवर तो आदळतो. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीच्या मार्गावर घर असलेली आमच्यातली दोन कुटुंबं मखमलाबादकडे मळ्यात राहणाऱ्या तिसऱ्याकडे सकाळीच जातात आणि रात्री उशिरा परततात. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात तेव्हाही तेच. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. गर्दी, बंद रस्ते, रात्रंदिवस भोंगे. तुम्ही सिडकोत असल्यामुळे घाटापासून लांब आहात, पण थेरपीला जायचा रस्ता बदलेल. रस्ता बदलला की आपल्या मुलांचा दिवस बिघडतो, म्हणून पर्यायी रस्त्याने आधीपासून अधूनमधून नेत जा.

दुसरी गोष्ट पाण्याची. अशी बरीच मुलं दार उघडं दिसलं की निघून जातात, आणि पाण्याकडे ओढली जातात. गोदावरी, कालवे, बांधकामाचे खड्डे, सगळं आपल्या आसपास आहे. सोसायटीचा वॉचमन, किराणावाला, समोरचा रिक्षा स्टँड, या सगळ्यांना मुलगा दाखवून ठेवा: ‘हा बोलत नाही, एकटा दिसला तर थांबवा आणि मला फोन करा.’ लपवण्यापेक्षा हे फार बरं. गळ्यातलं कार्ड तो काढून टाकत असेल तर शर्टाच्या आत नंबर शिवा. आणि थोडा मोठा झाला की पोहायला शिकवा. त्र्यंबक रोडवर महापालिकेचा सावरकर तरण तलाव आहे. गर्दी नसलेली वेळ विचारून घ्या.

सरकारी बाजू. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, सेवा मोफत. खासगी थेरपी चालू असली तरी इथे नोंद करा. खर्चाने दमलेल्या घराला हा पर्याय माहीत असायलाच हवा. खेड्यातल्या नातेवाइकांत असं मूल असेल तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवायला सांगा, तेच पुढे या केंद्रात पाठवतात.

मग यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी रुग्णालयात. ऑटिझमसाठी आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात: चाळीस मुद्दे, एकूण दोनशे गुण, सत्तरच्या खाली ऑटिझम धरत नाहीत. मुलाने त्या दिवशी डॉक्टरांकडे पाहून गोड हसून दाखवलं की घरच्यांचं बोलणं खोटं वाटू लागतं, म्हणून घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ सोबत न्या. कोणत्या वारी तपासणी करणारं वैद्यकीय बोर्ड बसतं ते आधी विचारून मगच मुलाला घेऊन जा. तासन्‌तास रांगेत उभं राहणं त्याला शक्य नसतं.

हे कार्ड काढायला बरेच आई-वडील बिचकतात. ‘शिक्का बसेल’ म्हणतात. मला त्यांचं दुःख कळतं, पण मत ठाम आहे: काढा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम स्पष्टपणे आहे, आणि बहुतेक हक्क चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर उघडतात. तुमच्या मुलासाठी सगळ्यात जवळचा हक्क शाळेचा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के प्रवेशात दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. पुढच्या प्रवेशफेरीपर्यंत प्रमाणपत्र हातात हवं. शाळेत गेल्यावर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक कोण आहेत ते मुख्याध्यापकांना विचारा. एका शाळेने आमच्या मुलीला ‘इतर मुलांना त्रास होतो’ म्हणून घरी बसवायला सांगितलं होतं. तेव्हा गटातली एक आई कायद्याची प्रत घेऊन आमच्याबरोबर मुख्याध्यापकांसमोर बसली. एकट्याने गेलो असतो तर ऐकून परत आलो असतो.

‘निरामय’ विमा जरूर घ्या. तो राष्ट्रीय न्यासाचा, म्हणजे ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचा आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि ओपीडी व थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत बसतो. पहिल्या नोंदणीचं शुल्क दारिद्र्यरेषेखालच्यांना अडीचशे, इतरांना पाचशे रुपये. एकतीस मार्चला मुदत संपते, नूतनीकरण विसरू नका. पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, कारण पैसे आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. महापालिकेला दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. त्यातून सध्या काय मिळतं ते विभागीय कार्यालयात जाऊन विचारा, आणि गटाने मिळून विचारा. दहा पालक एकत्र गेले की खुर्च्या मिळतात.

एका बाबतीत मात्र कुणाचंही ऐकू नका. निदान झालं की फोन येऊ लागतात: स्टेम सेल, शरीरातले ‘विषारी धातू’ काढणं, अमुक बाबांचा काढा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ च्या डिसेंबरमध्येच स्पष्ट केलंय की ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही, आणि असा उपचार देणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. लाखो रुपये, कधी दागिने, कधी गावाकडची जमीन यात गेलेली मी पाहिली आहे. तेवढ्या पैशांत त्या मुलाला कितीतरी वर्षं चांगला स्पेशल एज्युकेटर मिळाला असता. एज्युकेटर निवडतानाही भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. प्रामाणिक माणसाला राग येत नाही.

आमच्या घरात सध्या अठराव्या वर्षानंतरचा विचार चालू आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती सज्ञान झालेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेणारा माणूस, नेमू शकते. सगळ्यांनाच याची गरज नसते. जी व्यक्ती स्वतःचे निर्णय घेऊ शकते तिच्यावर पालक लादणं अन्याय आहे, आणि आमची मुलगी कोणते निर्णय घेऊ शकते हेच आम्ही आत्ता तिच्याबरोबर बसून, चित्रांची कार्डं वापरून, बघतोय. कोणते कपडे, कोणाच्या घरी जायचं, कोणाच्या नाही, हे ती ठामपणे सांगते. पैशांचं अजून कळत नाही. तुम्हाला याची आज काळजी नको. आज एक जाड फाइल घ्या, त्यात निदानाचा पहिला कागद, जन्मदाखला आणि थेरपीच्या पावत्या घाला, आणि प्रत्येकाची एक छायाप्रत आईकडे किंवा बहिणीकडे ठेवून द्या.