शेकेल मोजत नाहीत, तोलतात

प्रश्न असा आलाय : आजच्या किलो-ग्रॅमचे बायबलमधले शेकेल, माने आणि किक्कार कसे करायचे?

हिशेब सोपा आहे. एक शेकेल सुमारे ११.३ ग्रॅम, म्हणजे किलोला साधारण ८८ शेकेल. ५० शेकेलांचा माने, ३,००० शेकेलांचा किक्कार (३४ किलो). शेकेलाचा अर्धा तो बेका, विसावा भाग गेरा. तोंडी हिशेबाला शेकेल म्हणजे तोळा धरा, फारसं चुकत नाही. फक्त तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा; हल्ली सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात तो नव्हे.

आता ज्याने डोकं उठतं ते. 'अब्राहामाने (बायबलमधल्या यहुद्यांच्या मूळपुरुषाने) ४०० शेकेल नाणी मोजली' हे किती वेळा ऐकायचं? नाणी पाडणं तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. बायको साराच्या दफनासाठी हेब्रोनजवळची जमीन घेताना त्याने हित्ती जमातीच्या एफ्रोनला चांदी तोलून दिली, साडेचार किलोच्या आसपास. शेकेल हा शब्दच तोलणे या अर्थाच्या हिब्रू धातूवरून आलाय. यहूदाच्या (जेरुसलेमभोवतालच्या प्राचीन) राज्यातली वजनं म्हणजे चुनखडीचे घुमटाकार गोटे : बूड सपाट, माथ्यावर कोरलेली खूण. उत्खननात सापडलेले हे गोटे तोलूनच ११.३ चा आकडा निघाला. त्यात एकाचं वजन दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून दशांशचिन्हापुढे चार-चार आकडे छापणारे तक्ते मी बाजूला ठेवतो.

पण खरी गंमत मानेत आहे. अक्कदी (प्राचीन इराकची भाषा) मनू, हिब्रू माने, ग्रीक म्ना, अरबी मन्न आणि आपला मण! ऋग्वेदात (८.७८.२) इंद्राकडे गाय, घोडा मागता मागता ऋषी 'सचा मना हिरण्यया' म्हणतो. माझ्या मते हा 'मना' म्हणजे सोन्याचं वजनच. काही पंडित इथे दागिना काढतात, काढोत बापडे. आणि मण हा संस्कृत 'मान' (माप) वरून आला असं ठोकून देणाऱ्यांनी निदान एकदा पश्चिमेला नजर टाकावी. अर्ध्या किलोचा माने ३७ किलोचा मण कसा झाला, हा त्यांचा ठेवणीतला आक्षेप. अहो, मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांचा होता! नाव टिकतं, वजन गावोगाव बदलतं.

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा राजा बेलशस्सर याच्या भिंतीवर उमटलेले 'मने, मने, तकेल, ऊफारसीन' हे शब्दही वजनंच, हे क्लेर्मों-गानो या फ्रेंच विद्वानाने १८८६ मध्ये दाखवलं : माने, माने, शेकेल आणि अर्धे. तकेल म्हणजे शेकेलाचं अरामी रूप. राजाची दातखीळ बसली ती वाण्याची यादी वाचून!

हो, बायबलमधल्याच यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला (४५:१२) माने ६० शेकेलांचा आहे. तो धरलात तर ६८० ग्रॅम, नाहीतर ५६५.