हुन्सरूकमधल्या खेड्यात घर घेण्याआधी

तू लिहिलंयस की, ताई, नवऱ्याला जर्मनीत, हुन्सरूकच्या डोंगराळ भागातल्या झिमर्न शहराजवळ नोकरी लागली, कंपनीने सुचवलेलं घर चारशे वस्तीच्या गावात आहे, लेक आठ वर्षांची आहे. तर गावात राहावं की जवळच्या शहरात, आणि तिथली ग्रामपंचायत आपल्यासारखीच असते का? दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण मी याच डोंगराळ भागात, एवढ्याच आकाराच्या गावात संसार केला आहे, आणि तुझा प्रश्न वाचल्यापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. म्हणून लांबलचक लिहिते.

व्हिसा, विमा, बँक, भाषेची परीक्षा हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे. त्यात मी शिरत नाही.

आधी गावाचा कारभार. पश्चिम जर्मनीत १९७० च्या आसपास बहुतेक राज्यांनी लहान गावं एकमेकांत विलीन केली आणि त्यांची नावं फक्त पाटीवर उरली. राइनलांड-फाल्त्स या आपल्या राज्याने गावं ठेवली. म्हणून आजही इथे २,३०० च्या आसपास स्वतंत्र गावपालिका आहेत, काहींची वस्ती शंभराच्या आत. त्याऐवजी राज्याने कचेऱ्या एकत्र केल्या. दहा-वीस किंवा त्याहून जास्त गावांची मिळून एक फेरबांड्सगेमाइंडे, म्हणजे एकत्र कचेरी, असते. तुझी पत्त्याची नोंद, कराची बिलं, अग्निशमन, प्राथमिक शाळेची इमारत, हे सगळं तिथे. तिथला प्रमुख पगारी असतो आणि आठ वर्षांसाठी निवडून येतो. गावाचा सरपंच, म्हणजे ऑर्ट्सब्युर्गरमाइस्टर, मात्र पाच वर्षांसाठी असतो आणि बिनपगारी. त्याला थोडा भत्ता मिळतो. तो दिवसभर सुतारकाम नाहीतर बँकेत नोकरी करतो आणि संध्याकाळी गाव सांभाळतो. तुझ्या गावाची वस्ती ३०० च्या वर आणि ५०० पर्यंत असेल तर परिषदेत आठ सदस्य, ५०० च्या वर गेली तर बारा.

लहान गावात पक्षांच्या याद्या बहुधा नसतातच. तेव्हा मतदार कोऱ्या जागेत आपल्याला हवी ती नावं लिहितात. मोजणी संपल्यावर एखाद्याला कळतं की गावाने आपल्याला निवडलं. माझे आबा आमच्या वाई तालुक्यातल्या गावचे दोनदा सरपंच होते. त्यांना हे फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आणि प्रचार कुणी करत नाही?" महिलांसाठी राखीव जागा मात्र इथे नाहीत. आपल्याकडे निम्म्या आहेत, तो कायदा किती पुढचा होता हे मला इथल्या परिषदेत एकटी-दुकटी बाई बसलेली बघून उमगलं.

गावाकडे पैसा कुठून येतो, हेही माहीत असू दे. लोक भरतात त्या आयकराचे १५ टक्के गावा-शहरांच्या वाट्याला जातात, आणि ते आपण जिथे राहतो त्या गावाला मिळतात. म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या पगारातून तुझ्या गल्लीतला दिवा लागणार आहे. शिवाय घरपट्टी आणि व्यवसाय कर. या राज्यातलं जवळपास निम्मं जंगल गावपालिकांच्या मालकीचं आहे. आमच्या गावालाही जंगल आहे आणि सरपणाची मागणी दर वर्षी तिथेच नोंदवायची असते. ज्या गावांनी आपल्या जमिनीवर पवनचक्क्या उभारू दिल्या त्यांना भाडं मिळतं. आपल्या जिल्ह्यात पवनचक्क्या इतक्या आहेत की वापराच्या तिपटीहून जास्त वीज तयार होते. म्योर्सडॉर्फ हे सहाशेच्या आसपास वस्तीचं गाव. त्याने दरीवर ३६० मीटर लांबीचा गायरलाय हा झुलता पूल उभारला, २०१५ मध्ये तो खुला झाला आणि आता लांबून लोक बघायला येतात. नॉयएरकिर्ख आणि क्युल्झ या दोन गावांनी मिळून घरं गरम ठेवायला सौर उष्णतेचं जाळं टाकलं. एवढ्या छोट्या गावात माणसं एकत्र बसून असले निर्णय घेतात आणि तडीस नेतात, याचा मला मनापासून आदर आहे.

बदल्यात गाव तुझ्याकडून काम घेतं. घरासमोरचा रस्ता आणि पदपथ झाडणं हे बहुतेक गावांत राहणाऱ्याचं कर्तव्य आहे. आमच्याकडे ते शनिवारी करतात. फरशीच्या फटीतलं गवत सुद्धा काढायचं, त्यासाठी वाकड्या टोकाची सुरी मिळते ती पहिल्याच आठवड्यात घे. हिवाळ्यात बर्फ पडला की सकाळी लवकर उठून वाट मोकळी करायची. हुन्सरूक उंचावर आहे, खाली मोझेल नदीच्या काठी पाऊस असतो तेव्हा इथे बर्फ असतो. रस्ता मोठ्या दुरुस्तीला निघाला तर घरमालकांना त्याची वर्गणी द्यावी लागते. या राज्यात आता ती सगळ्या गावात वाटून दर वर्षी घेतात. भाडेकरू असशील तर करार नीट वाच.

इतिहासाचंही थोडं सांगते, कारण त्याशिवाय या लोकांचा स्वभाव कळत नाही. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचा हा भाग १७९४ पासून वीस वर्षं फ्रेंचांच्या ताब्यात होता. पॅरिसहून नेमलेली व्यवस्था, अनेक गावांवर मिळून एक फ्रेंच पद्धतीचा मेर, म्हणजे महापौर, आणि १७९८ पासून जन्म-मृत्यूची नोंद चर्चकडून सरकारकडे. १८१५ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याचा अंमल आला. त्याने अनेक गावांचा एक महापौर ही पद्धत चालू ठेवली आणि आजची एकत्र कचेरी तिच्याच वंशातली. १९३५ मध्ये नाझींनी कायदा करून गावाच्या निवडणुकाच बंद केल्या, सरपंच वरून नेमले. या भागातल्या अनेक खेड्यांत पिढ्यानपिढ्या यहुदी कुटुंबं होती, गुरांचा व्यापार करणारी, कापड विकणारी. लाउफर्सवायलरमध्ये १९११ साली बांधलेलं त्यांचं प्रार्थनाघर अजून उभं आहे. नाझींनी नेलेली माणसं परत आली नाहीत. तिथे एकदा जाऊन ये, लेकीलाही ने. सप्टेंबर १९४६ मध्ये गावात पुन्हा मतदान झालं. आमच्या शेजारच्या आजी त्या वेळी लहान होत्या, वडील कोट घालून मतदानाला गेले होते एवढंच त्यांना आठवतं.

आणि ब्राझील. १८२४ पासून इथली उपाशी शेतकरी कुटुंबं बोटीने दक्षिण ब्राझीलला गेली. जमिनीचे वाटे होऊन होऊन तुकडे उरले होते. त्यांचे वंशज तिथे अजून हुन्सरूकची बोली बोलतात. एका उन्हाळ्यात असंच एक म्हातारं जोडपं पूर्वजांचं घर शोधत आमच्या गावात आलं. सरपंचाने समाजमंदिरात कॉफी-केक ठेवला. मी केक घेऊन गेले होते. ती ब्राझीलची बाई आमच्या आजींशी बोलीत बोलू लागली, आणि आजींनी तिचे दोन्ही हात धरले, "तू आमचीच" म्हणाल्या. मला ती बोली आजही निम्मी कळत नाही. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्यांची पतवंडं पाच मिनिटांत घरची झाली. मी भांडी विसळत होते. मला राग आला नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही, हे खरं.

आता शाळा. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, नोकरी-धंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी रेआलशुले प्लुस, किंवा दोन्ही वाटांची एकत्र शाळा. चौथीच्या सहामाही निकालाबरोबर, जानेवारीच्या शेवटी, शाळा शिफारस देते. या राज्यात ती बंधनकारक नाही, निर्णय पालकांचा असतो. हे तुला शाळेत कुणी आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून दोनदा सांगते: निर्णय पालकांचा असतो.

माझ्या लेकीचे गणितात पैकीच्या पैकी. आम्ही दोघं त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो आणि बाई म्हणाल्या की गिम्नाझियम तिला झेपणार नाही, कारण घरी जर्मन बोललं जात नाही. लेक बाजूलाच बसली होती. आम्ही तिला गिम्नाझियमलाच घातलं, तिचं छान चाललंय, तो प्रश्नच नाही. पण त्या दिवसापासून ती मराठीत बोलेनाशी झाली. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आबा फोनवर असले की "हो आजोबा" एवढंच. याची भरपाई कोण करणार आहे?

मी तेव्हा तावातावाने सरपंचाकडे गेले. आपल्याकडे शाळेचं काही बिनसलं की आबांच्या ओट्यावर माणसं यायची, तेच डोक्यात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि कागदावर काढून दाखवलं: शिक्षक राज्याचे, इमारत एकत्र कचेरीची, शाळेची बस जिल्ह्याची, परवान्यावर राहणाऱ्यांची कचेरीसुद्धा जिल्ह्याची. "माझ्याकडे खेळाचं मैदान आहे," तो म्हणाला. भला माणूस. पुढच्या महिन्यात मैदानातला मोडका झोका त्याने बदलून घेतला. तेवढंच त्याच्या हातात होतं.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण ते कुठे लिहिलेलं नसतं. आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव असतं. इथल्या नोंदणीत आडनाव सोडून बाकी सगळं तुझंच नाव धरतात. मला दवाखान्यात वर्षानुवर्षं नवऱ्याच्या नावाने हाका मारल्या आहेत. निघण्याआधी जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्ट या तिन्हींवर नावाचं एकूण एक अक्षर सारखं करून घे. आमचा धाकटा इथे जन्मला तेव्हा त्याचा दाखला अडला, कारण आमची भारतातली कागदपत्रं खरी आहेत का याची पडताळणी हवी होती. जर्मनी भारताचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, मानत नाही. मग वकील माझ्या माहेरी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत फिरला की ही मुलगी यांचीच का. दोनदा सरपंच झालेल्या माणसाला त्याच्याच गावात हा प्रश्न. आबांचा फोन आला, "तू काही केलंयस का गं तिकडे?" मी काही केलं नव्हतं. मूल झालं होतं.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. नोव्हेंबरात जास्त. गावच्या गायनमंडळात नाव घाल, सेंट मार्टिनच्या मिरवणुकीला लेकीला कंदील करून दे, माणसं भेटतात. याहून त्यात काही नाही.

मला खरं बोलायचं होतं ते मतदानाबद्दल. ९ जून २०२४ ला गावच्या आणि युरोपीय संसदेच्या निवडणुका एकत्र होत्या. मतदान समाजमंदिरातच असतं आणि बाजूच्या स्वयंपाकघरात आम्ही बायका कॉफी करत होतो. वरच्या गल्लीतला रोमानियाचा तरुण, त्याला येऊन वर्षही झालं नव्हतं, मत देऊन आला आणि कप घेऊन माझ्याशी गप्पा मारत उभा राहिला. युरोपीय संघाच्या नागरिकाला तीन महिने राहिल्यावर गावात मत देता येतं. आपल्याला कधीच नाही. श्लेस्विग-होल्श्टाइन या उत्तरेकडच्या राज्याने बाहेरच्या काही देशांच्या लोकांना स्थानिक मताधिकार द्यायचा प्रयत्न केला होता, तो १९९० मध्ये घटना न्यायालयाने रद्द केला. तेव्हापासून ते दार बंद आहे.

परिषदेच्या सभेला मी जाते. रहिवाशांच्या प्रश्नांचा वेळ असतो, तिथे कुणीही रहिवासी बोलू शकतो, नागरिक असायची गरज नाही. बसथांब्याला छप्पर नव्हतं ते मी विचारून विचारून करून घेतलं. हात वर करायची वेळ आली की मात्र मी भिंतीकडच्या खुर्चीवर.

जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली, पाच वर्षांनी अर्ज करता येतो. आपला भारताचा कायदा परवानगी देत नाही. जर्मन झालीस की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, मिळतं, वारशाची शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. नवऱ्याने अर्ज केला, त्याचं झालंही. माझा फॉर्म भरलेला आहे, फक्त सही नाही. मला या गावात मत हवंय, अगदी मनापासून हवंय. आणि आबांना कोणत्या तोंडाने सांगायचं की वाईच्या मतदारयादीतून मी कायमची गेले, तेही अजून सापडलेलं नाही.

आता तुझ्या घराचं. लेक आठ वर्षांची म्हणजे आल्या आल्या तिसरी-चौथी आणि लगेच शिफारस. म्हणून पहिली दोन वर्षं झिमर्न नाहीतर कास्टेलाउन या शहरात काढ. शाळा चालत जाता येईल, जर्मनचे जादा तास मिळतील, तुला गाडी शिकायला वेळ मिळेल. प्राथमिक शाळा दोन किलोमीटरच्या पलीकडे असेल तर बस जिल्हा देतो, पण दुपारनंतर गाडीशिवाय खेड्यात हलता येत नाही. ती पाचवीत स्थिरावली की मग गावात ये. घरी मराठी सोडू नकोस, कुणी काहीही म्हणो.

गावाचं नाव कळव. त्याची परिषद कधी बसते, शाळा कोणती लागते, शेवटची बस किती वाजता आहे, हे मी इथून बघून सांगते.