गर्भाशयातल्या गाठींसाठी (फायब्रॉइड) पाळी बंद करणारं इंजेक्शन सांगितलंय. घ्यावं का? पाळी कायमची जाते का?

पाळी कायमची जात नाही. गाठीही कायमच्या जात नाहीत, औषध थांबलं की बहुतेक वेळा परत वाढतात. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधीच डॉक्टरांना विचारा, "याच्यानंतर काय?"

मला फायब्रॉइड होते, जोडीला एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं. अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन ७.८ वर आलेलं. कोथरूडच्या घराचे दोन जिने चढताना मधे टेकावं लागे. तीन महिने पाळी थांबवायची, लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून काढायचं, गाठ जराशी आक्रसली तर तेवढंच बरं, आणि मग ऑपरेशन, असा बेत होता. इंजेक्शन होतं ल्युप्रोलाइड ३.७५ मिलिग्रॅम, महिन्याला एक. रक्त ११च्या वर गेलं आणि गाठ काढली.

मला आधी कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. हे औषध मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीला आधी चेतवतं, मग गप्प करतं. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात माझं दुखणं वाढलंच. मला वाटलं, औषध उलटलं!

मग घाम. डिसेंबरात सकाळच्या पीएमपी बसमध्ये सगळ्या बायका स्वेटर-शालीत आणि माझा ड्रेस पाठीला चिकटलेला. खिडकी सरकवली तर मागच्या आजी, "अहो, बंद करा ती, गारठलो आम्ही!" दुसऱ्या महिन्यापासून पर्समध्ये छोटा नॅपकिन आणि जादा ओढणी ठेवायला लागले. झोपेचं मात्र खोबरं झालं.

हाडांची भीती खोटी नाही. इस्ट्रोजेन घटलं की हाडं विरळ होतात, म्हणून नुसतं हे इंजेक्शन सहसा सहा महिन्यांपलीकडे देत नाहीत. जास्त दिवस द्यायचं तर सोबत थोडे हार्मोन्स परत देतात, त्याला 'ॲड-बॅक' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा आणि विचारा.

इंजेक्शनऐवजी रेलुगोलिक्स नावाच्या औषधाची एक संयुक्त गोळीही असते. तिच्यात ते हार्मोन्स आधीच घातलेले असतात आणि दुखणं वाढवणारी सुरुवातीची ती उसळीही नसते. अमेरिकेत तिला २०२१ मध्ये फायब्रॉइडसाठी, २०२२ मध्ये एंडोमेट्रिओसिससाठी मंजुरी मिळाली. तिथे तिलाही दोन वर्षांची मर्यादा घातलेली होती.

शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण अडीच महिन्यांनी माझी पाळी आली. आणि हो, पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नका, कंडोम वापरा.