वीज आल्यावर शहरातलं जगणं नेमकं कशामुळे बदललं?

उजेडापेक्षा मोटरमुळे जास्त, असं माझं मत. आमच्या नागपुरातली एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली ती वाफेवर. त्या काळच्या गिरण्यांत एकच मोठं इंजिन असायचं. छताजवळच्या शाफ्टवरून, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या लांब दांड्यावरून, पट्टे उतरायचे आणि त्यांवर सगळी यंत्रं फिरायची. इंजिन थांबलं की अख्खं खातं ठप्प. विजेच्या मोटरने प्रत्येक यंत्र स्वतंत्र चालू लागलं. बॉयलर कुणाला परवडणार? मोटर मात्र लहान दुकानदारालाही परवडली. गल्लीत पिठाची चक्की आली आणि पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांचे हात मोकळे झाले. मला हा बदल सर्वांत मोठा वाटतो. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम धावली, कामापासून लांब राहणं जमू लागलं. दिव्यांनी रात्रपाळी सोपी केली, पण ती कामगाराच्या झोपेतून कापून घेतली.