कंपनीचा विस्तार आणि मुलीचा परवाना

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र आणि सोबतचे माहितीपत्रक मिळाले. आपण मोहोळ तालुक्यात डाळिंबाची बाग करता आणि आपली मुलगी यंदा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन ७८ टक्क्यांनी बारावी उत्तीर्ण झाली आहे. सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाल्यापासून तिने विमानक्षेत्रातच जायचे ठरवले आहे. आपल्यासमोर तीन वाटा आहेत: दोन एकर विकून तिला वैमानिक करणे, विमान देखभाल अभियंत्याचा म्हणजे एएमईचा अभ्यासक्रम, किंवा पुण्यातील एका खासगी संस्थेची एक लाख ऐंशी हजार रुपयांची ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’ पदविका. शेवटी आपण विचारता की, इंडिगोने पाचशे विमाने मागवल्याचे वाचले, पण किंगफिशर आणि जेटही एके काळी अशाच मोठ्या होत्या, मग हिच्या भरवशावर मुलीचे आयुष्य कसे बेतायचे?

उत्तर आधी देतो. जमीन आज विकू नका, पदविकेचे शुल्क भरू नका आणि एएमईचा विचार गांभीर्याने करा. कंपनी वाढते म्हणून तिच्यात काम करणारा प्रत्येक माणूस वाढतोच असे नाही, हे स्वस्त विमानसेवेच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. म्हणून ती वाढ कशी झाली ते थोडे विस्ताराने सांगतो.

इंडिगोचे पहिले विमान ४ ऑगस्ट २००६ रोजी दिल्लीहून गुवाहाटीमार्गे इंफाळला गेले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे कंपनीचे एकही विमान उडत नसताना, तिचे संस्थापक राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांनी एअरबसकडे एकदम १०० ए-३२० विमानांची मागणी नोंदवली होती. एवढ्या मोठ्या मागणीवर उत्पादक भरघोस सवलत देतो. विमान ताब्यात आले की ते भाडेपट्टीवर विमाने देणाऱ्या कंपनीला विकायचे आणि तेच विमान तिच्याकडून काही वर्षांसाठी भाड्याने घेऊन चालवायचे, अशी पद्धत इंडिगोने ठेवली. त्यामुळे भांडवल अडकून पडले नाही, आणि जुनी होऊन खर्चिक दुरुस्तीला येण्यापूर्वीच बरीचशी विमाने परत करता आली. २०१२ मध्ये ती देशातील सर्वांत मोठी विमान कंपनी झाली, नोव्हेंबर २०१५ मध्ये तिचे समभाग बाजारात आले आणि जून २०२३ मध्ये तिने ५०० विमानांची ती मागणी नोंदवली. आज तिच्याकडे चारशेहून अधिक विमाने आहेत आणि देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी तिच्या विमानांतून जातात.

स्वस्त तिकिटामागचे गणित आपल्याला सहज पटेल. हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर आपल्याच रानापुरता वापरला तर हप्ता निघत नाही, तो गावभर फिरवावा लागतो. विमानाचेही तसेच आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचे भाडे चालूच असते आणि तेही डॉलरमध्ये द्यावे लागते, म्हणून ते दिवसाला बारा-तेरा तास हवेत ठेवण्याकडे कंपनीचा कटाक्ष असतो. बहुतेक विमाने एकाच जातीची ठेवल्यामुळे वैमानिक, अभियंते आणि सुटे भाग कुठेही कामी येतात. सकाळी निघालेले विमान दिवसभरात सहा-सहा फेऱ्या मारते, आणि दोन फेऱ्यांमधला वेळ जेवढा कमी तेवढी एखादी फेरी जास्त निघते.

हा मधला वेळ साधारण अर्ध्या तासाचा असतो. विमान थांबून चाकांना अडसर लागले की एका बाजूने प्रवासी उतरू लागतात, दुसऱ्या बाजूला पोटातले सामान पट्ट्यावरून खाली येते, पंखाखाली इंधनाची नळी जोडली जाते, आणि आत केबिन क्रूमधल्या मुली स्वतःच सीटच्या खिशांतला कचरा गोळा करून पट्टे नीट लावून ठेवतात, कारण त्यासाठी वेगळी माणसे लावणे या पद्धतीत परवडत नाही. याच वेळात अभियंता हातात बॅटरी घेऊन विमानाभोवती फेरी मारतो. तो चाकांच्या रबरावर चीर आहे का ते पाहतो, ब्रेक किती झिजले हे दाखवणारी बारीक पिन किती बाहेर उरली आहे ते वाकून तपासतो, आणि इंजिनच्या तोंडाशी उभा राहून पात्यांना पक्षी किंवा खडा लागल्याची खूण आहे का हे न्याहाळतो. वैमानिकाने बिघाड नोंदवला असेल, तर तो दुरुस्त करून किंवा नियमात बसत असेल तर पुढे ढकलून तांत्रिक नोंदवहीत सही करतो. त्या बिघाडावर परवानाधारकाची सही झाल्याशिवाय ते विमान उडत नाही, मग उशीर कितीही होवो. त्या अर्ध्या तासात सगळेच घाईत असतात, पण ‘थांबा’ म्हणण्याचा कायदेशीर अधिकार वैमानिकाइतकाच या माणसाकडेही असतो, हे आपण ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

विमान असे पिळून काढायचे तर माणसेही मोजूनमापून ठेवावी लागतात, आणि त्याचा परिणाम डिसेंबर २०२५ मध्ये साऱ्या देशाने पाहिला. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे आणि रात्रीच्या उतरण्यांवर बरीच कमी मर्यादा घालणारे नियम पूर्णपणे लागू झाले, तेव्हा इंडिगोचे मनुष्यबळाचे नियोजन कमी पडले आणि काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली. सरकारला काही नियम तात्पुरते शिथिल करावे लागले आणि कंपनीला आपले वेळापत्रक १० टक्क्यांनी कमी करण्यास सांगावे लागले. हे सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. प्रशिक्षित आणि परवानाधारक माणूस या व्यवसायात किती मोलाचा आहे ते यातून दिसते, आणि तिथली नोकरी किती ताणाची असते तेही दिसते.

आता आपल्या खऱ्या शंकेकडे येतो. एअर डेक्कनने २००३ मध्ये सामान्य माणसाला विमानात बसवले, पण ती किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेटची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. तिने सदोष इंजिनांना दोष दिला, आणि त्याच उत्पादकाच्या इंजिनांमुळे इंडिगोचीही सत्तरहून अधिक विमाने पुढच्या काळात उभी होती. एक कंपनी बुडाली आणि दुसरी तरली, याचे कारण दुसरीकडे रोकड होती आणि जुनी विमाने थोडी अधिक ठेवून व नवी भाड्याने आणून खिंड लढवण्याइतका तिचा आकार मोठा होता. इंडिगो लवकर बुडेल असे मला वाटत नाही. परंतु वीस वर्षांपुढचे कोणत्याही विमान कंपनीबद्दल कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. जेट बंद पडली तेव्हा तिची बोइंग विमाने इतर कंपन्यांनी घेतली आणि ती चालवणारे व दुरुस्त करणारे अनेक जणही त्यांच्याबरोबर गेले. खिडकीवर तिकिटे तपासणाऱ्या आणि कार्यालयात बसणाऱ्या कित्येकांना मात्र दीर्घ काळ वाट पाहावी लागली. म्हणून कंपनी टिकेल का या प्रश्नाऐवजी, कंपनी बदलली तरी मुलीबरोबर जाईल असे तिच्या हातात काय असेल, हा प्रश्न आपण प्रत्येक वाटेला विचारा.

पदविकेला हा प्रश्न विचारला तर उत्तर लगेच मिळते. आपण पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ‘शंभर टक्के नोकरी’ असे ठळक छापले आहे, तर मागच्या पानावर बारीक अक्षरांत ‘नोकरी मिळवण्यासाठी साहाय्य’ आणि ‘शुल्क परत मिळणार नाही’ अशी दोन वाक्ये आहेत. चेक-इन काउंटरवरचे किंवा केबिन क्रूचे काम मिळवायला अशा पदविकेची अट नसते. बारावी किंवा पदवी, बोलण्यातला आत्मविश्वास, इंग्रजी व हिंदी, आणि केबिन क्रूसाठी उंची व वैद्यकीय पात्रता एवढ्यावर कंपन्या थेट मुलाखती घेतात आणि आपले प्रशिक्षण आपणच देतात. मुलीला हे काम आवडत असेल तर तिने जरूर करावे, पण कंपनी जे स्वतः शिकवते त्यासाठी आपण एक लाख ऐंशी हजार मोजण्याचे कारण नाही.

वैमानिक होण्याची तिची इच्छा मी हलकी मानत नाही. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीहून कितीतरी अधिक, आणि गावाकडच्या मुलीने हे स्वप्न पाहावे याचा मला आनंदच आहे. अडचण क्रमाची आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, त्याचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो, त्यानंतर ए-३२० सारख्या एका विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि कंपन्यांच्या कॅडेट योजनेतून, म्हणजे कंपनीने निवडून आपल्या देखरेखीखाली दिलेल्या प्रशिक्षणातून गेल्यास सारा हिशेब कोटीच्या घरात पोहोचतो. २०२३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या सरकारी संचालनालयाने, १,६०० हून अधिक नवे परवाने दिले. परवाना हाती असूनही नोकरीची वाट पाहणारी मुले माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या काहींच्या घरची जमीन आधीच गेलेली असते. शिवाय कंपन्यांची भरती लाटेने होते, तर कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो.

म्हणून ज्या पायऱ्यांना थोडेच पैसे लागतात त्या आधी चढून पाहा. प्रथम डीजीसीएच्या अधिकृत डॉक्टरकडून द्वितीय श्रेणीची आणि मग प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्या, कारण रंगांधळेपणासारखा दोष तिथेच कळतो आणि पुढचा सारा खर्च वाचतो. नंतर डीजीसीएचा संगणक क्रमांक (परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक) घेऊन तिने हवामानशास्त्र, दिशादर्शन आणि विमान नियम हे पेपर घरी अभ्यास करून द्यावेत. ते सुटले तर रायबरेलीजवळची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आणि गोंदियाजवळ बिरसी येथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था यांच्या प्रवेश परीक्षांकडे वळावे. एवढे करूनही तिची जिद्द कायम असेल, तर जमिनीचा विषय तेव्हा काढता येईल, आणि तेव्हाही विकण्यापेक्षा ती तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घेण्याची चौकशी आधी करावी.

एएमईची वाट मला तिच्यासाठी अधिक योग्य वाटते, आणि त्याचे कारण आपल्याच पत्रात आहे: ठिबकचा पंप बंद पडला की ती तो स्वतः उघडून बसते, असे आपण लिहिले आहे. या अभ्यासक्रमाला तिचे विषय चालतात आणि खर्च वैमानिकाच्या तुलनेत फार कमी, काही लाखांत बसतो. विमानाचा सांगाडा व टर्बाइन इंजिन यांसाठी बी-१.१ आणि वीज व इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी बी-२ असे परवान्याचे प्रकार आहेत. मात्र ही वाट छोटी नाही. संस्थेतले शिक्षण, डीजीसीएच्या सर्व विषयांच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष विमानावरचा नोंदवलेला अनुभव मिळून परवाना हाती यायला चार-पाच वर्षे धरावीत, आणि त्यापुढे ए-३२० चे वेगळे प्रशिक्षण झाल्यावरच त्या विमानावर सही करता येते. परीक्षा अर्धवट सोडून मदतनीस म्हणूनच राहिलेली मुलेही पुष्कळ आहेत, म्हणून चिकाटी किती आहे ते तिने स्वतःला विचारावे. मागणीची चिंता मला कमी वाटते: नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात एअर इंडियाच्या विमानांची देखभाल होते, हैदराबादला नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅफ्रान या फ्रेंच कंपनीच्या इंजिन दुरुस्ती केंद्राचे उद्घाटन झाले, नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू आहे, आणि मागवलेली विमाने येत राहतील तोवर त्यांच्यावर सही करणारी माणसेही लागत राहतील. सोलापूर–गोवा मार्गावरचे विमान एटीआर, म्हणजे पंख्यांवर चालणारे लहान विमान आहे; पुढे तेही शिकली तर लहान शहरांच्या सेवांतही तिला जागा मिळेल.

तिच्या आईने रात्रपाळीबद्दल विचारले आहे. रात्रपाळी आहे, आणि ती टाळता येत नाही, कारण दिवसभर उडणारी विमाने रात्री मुक्कामाला येतात आणि मोठी तपासणी तेव्हाच होते. कंपन्या येण्याजाण्याला गाडी देतात का आणि हँगरमध्ये, म्हणजे विमाने दुरुस्तीला ठेवतात त्या शेडमध्ये, स्त्रियांसाठी सोयी कशा आहेत, हे मुलाखतीच्या वेळी निःसंकोच विचारावे. या कामात मुली अजून थोड्या आहेत, पण आहेत.

संस्था निवडताना डीजीसीएच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तिचे नाव, मान्यतेची मुदत आणि बी-१.१ व बी-२ पैकी कशाला मान्यता आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहा. मुलीला घेऊन तिथे जा, कार्यशाळेत खरे इंजिन उघडून ठेवलेले आहे की नुसती चित्रे आहेत ते बघा, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यांचे किती पेपर सुटले ते बाहेर चहाच्या टपरीवर विचारा. दोन-तीन संस्थांचे मान्यतापत्र आणि शुल्काचा तक्ता मला पाठवा. त्यांतली कोणती निवडावी ते पुढच्या पत्रात लिहितो.

आपला,
करिअर मार्गदर्शक