घर दोघांचे, नकाशा एकाचा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीत २ गुंठ्यांचा प्लॉट घेतला असून तिथे घर बांधायचे ठरवले आहे. प्लॉटसाठी माझ्या पगारातली बचत आणि पतींनी काढलेले कर्ज, असे दोघांचेही पैसे गेले आहेत. २०१९ च्या महापुरात समोरच्या रस्त्यावर कमरेइतके पाणी होते, म्हणून खाली फक्त पार्किंग ठेवून राहते घर वर बांधावे, असा पतींचा आग्रह आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मला जमिनीलगतचे घर आणि पुढे अंगण हवे आहे. पतींना हॉलला जोडलेले उघडे स्वयंपाकघर हवे आहे, मला बंद. इंजिनिअरांनी तीन नकाशे काढले, तिन्ही वेळा भांडण झाले आणि आता विषय निघाला की आम्ही दोघेही गप्प बसतो. माघार कोणी घ्यावी?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वाद एकमेकांत गुंतले आहेत आणि ते आधी वेगळे केले पाहिजेत. घराची उंची हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, त्यामुळे तिथे माघार घेण्याचा प्रसंगच येत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे, म्हणजे २००५ च्या पुरापेक्षाही वर गेले होते आणि जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा शहरात शिरले. तेव्हा तुमच्या यजमानांची भीती खरी आहे, हे प्रथम त्यांच्यासमोर मान्य करा. त्यानंतर शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा असतील तर त्या शोधा, त्यांची रस्त्यापासूनची उंची इंजिनिअरांकडून लेव्हल लावून मोजून घ्या आणि महापालिकेत जाऊन तुमचा प्लॉट निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) व लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या कोणत्या बाजूला येतो, तेही दोघांनी मिळून पाहा.

समजा, पाण्याची खूण खरोखरच रस्त्यापासून ३ फुटांवर निघाली आणि पूररेषेच्या हिशेबातही ते बसले, तर जोते साडेचार फुटांवर घेता येईल. ६ इंचांची एक पायरी धरली तर त्याला ९ पायऱ्या लागतात. खाली पार्किंग सोडून घर साधारण ९ फुटांवर नेले, तर त्याच मापाच्या १८ पायऱ्या होतात. गुडघेदुखी असलेल्या माणसाला ९ पायऱ्या मध्ये एक विसाव्याची जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा दिला तर जमतात, १८ पायऱ्यांनी मात्र त्यांचे बाहेर पडणे हळूहळू बंद होते. खूण त्याहून बरीच वर निघाली, तर यजमानांचे म्हणणे स्वीकारावे लागेल. मग लिफ्टसाठी साधारण ५ बाय ५ फुटांची जागा नकाशात आत्ताच राखून ठेवा, लिफ्ट पुढे केव्हाही बसवता येईल. अशा वेळी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. खालचा मजला नुसत्या खांबांवर मोकळा राहिला की भूकंपात तोच सर्वांत दुबळा ठरतो. २००१ मध्ये अहमदाबादेत अशा अनेक इमारती कोसळल्या आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या भागाला नवा नाही, म्हणून ते खांब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. दोन्हींपैकी काहीही ठरले तरी सगळा प्लॉट भर टाकून उंच करू नका. शेजाऱ्यांच्या दारात पाणी ढकलून बांधलेल्या घरात शेजारधर्म टिकत नाही, आणि पुढची पन्नास वर्षे तुम्हाला त्यांच्याच सोबतीने राहायचे आहे.

स्वयंपाकघराचे मात्र वेगळे आहे. तो वाद जमीन सोडवणार नाही, तो रोजच्या कामाकडे पाहूनच सुटेल. तुम्हाला बंद स्वयंपाकघर का हवे आणि त्यांना उघडे का हवे, याची कारणे पत्रात नाहीत. तुम्ही ती एकमेकांना तरी सांगितली आहेत का, अशी मला शंका येते. माझ्याकडे आलेल्या मिरजेच्या एका जोडप्याचा वादही असाच होता. नवऱ्याला स्वयंपाक करणाऱ्या बायकोशी बोलता यावे असे वाटत होते, आणि बायकोला भाकरीच्या पिठाने माखलेला ओटा पाहुण्यांच्या नजरेस पडू नये असे वाटत होते. ही दोन कारणे समोरासमोर ठेवल्यावर भिंत राहिली, तिच्यात ओट्यासमोर ४ फूट रुंद सरकती खिडकी आली आणि दोघेही राजी झाले. याच चर्चेत ओट्याची उंचीही ठरवून टाका. तयार मापाचा ओटा न घेता, रोज तिथे जो सर्वांत जास्त वेळ उभा राहणार त्याच्या कोपरापासून ३-४ इंच खाली तो धरावा. भाकरी थापायची परात ओट्यावर ठेवली की हात आणखी वर उचलावे लागतात, म्हणून एका टोकाला २९-३० इंचांचा खालचा भाग करून घ्या. पाठ आणि खांदे त्याबद्दल आयुष्यभर दुवा देतील.

आता त्या अबोल्याविषयी. तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, ‘इंजिनिअरांनी तीन नकाशे काढले’. ते नकाशे काढण्यापूर्वी त्यांनी तुम्हाला किती वेळा फोन केला? आपल्याकडे इंजिनिअर, गवंडी, फरशीवाला सगळेच घरातल्या पुरुषाला विचारतात आणि स्त्रीसमोर कागद येतो तो नकाशा पूर्ण झाल्यावर. मग तिने काहीही सुचवले तरी ती खोडच ठरते. पैसे दोघांचे आणि विचारणा एकाला, ही गोष्ट मला स्वयंपाकघराच्या भिंतीपेक्षा अधिक गंभीर वाटते. म्हणून यापुढे बैठकीला दोघेही हजर असाल आणि दोघांच्या सह्या असल्याशिवाय कोणताही बदल नकाशात जाणार नाही, असे यजमानांनी स्वतः इंजिनिअरांना सांगावे. तुम्ही सांगितले तर ती तक्रार वाटेल, त्यांनी सांगितले तर तो घराचा नियम होईल.

चौथा नकाशा आला की त्यावर घरात बसून बोलू नका. एका रविवारी सकाळी प्लॉटवर जा आणि इंजिनिअरांच्या माणसाकडून फक्कीने पूर्ण मापात आखणी करून घ्या. कागदावर १० बाय ११ ची खोली सर्वांना सारखीच दिसते, जमिनीवर मात्र पलंगाच्या जागी सतरंजी अंथरली की कपाटाचे दार उघडायला जागा उरते की नाही, हे लगेच कळते. दारांच्या जागी विटा ठेवा. सकाळी उठल्यापासून शाळेला निघेपर्यंत तुम्ही जशा वावरता, तशा त्या रेषांमधून चाला, आणि मग यजमानांनी त्यांचा दिवस चालून दाखवावा. जिथे एकाची वाट दुसऱ्याच्या वाटेला आडवी जाईल, तिथे थांबून बोला. फक्की पायाने पुसता येते, पाया भरल्यावर मात्र बदल परवडत नाही. रंग, फरशी, कपाटे यांवरून आज एक शब्दही बोलू नका, त्यांना अजून वर्षभर अवकाश आहे.

त्या दिवशी सासूबाईंनाही सोबत न्या. तुमच्या पत्रात त्यांचे गुडघे आहेत, वय आहे, पण त्यांचे म्हणणे कुठेही नाही. त्यांच्या खोलीच्या आखणीत खुर्ची टाकून त्यांना बसवा आणि खिडकी कोणत्या बाजूला हवी, एवढेच आधी विचारा.