शिंगराच्या बाजूनं दोन शब्द

चि.स अनेक आशीर्वाद,

प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादातला पोलस, म्हणजे वक्तृत्व शिकवणाऱ्या गॉर्जियसचा शिष्य, तुला ‘उथळ बडबड्या’ वाटला म्हणे. तुझ्या कपाटातले वक्तृत्वाचे करंडक मी पाहिलेत, म्हणून सांगतो, जरा सबुरीनं घे.

पोलस सिसिलीतल्या अक्रागासचा. त्याच्या नावाचा अर्थच शिंगरू. गुरुजी दमलेत, मी उत्तर देतो, म्हणत तो पुढे सरसावतो. प्रश्न साधा असतो: गॉर्जियसची कला कोणती? जोडे शिवणारा एका शब्दात सांगेल. आपलं शिंगरू मात्र अनुभव, कला, दैव अशी अनुप्रासांची माळ ओवतं आणि शेवटी म्हणतं, ती सर्वश्रेष्ठ कला! सॉक्रेटिस सुनावतो की कशी आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. (करंडक बहुतेक अशाच उत्तरांना मिळतात. मीही परीक्षक म्हणून दिलेत.)

पण मॅसेडोनियाच्या आर्किलाउस राजाची गोष्ट पोलसनं कशी सांगितली, ते पाहा. आर्किलाउसनं आपले काका आणि चुलतभाऊ यांना दारू पाजून, गाडीत घालून रातोरात संपवलं. 7 वर्षांच्या सावत्रभावाला विहिरीत बुडवलं आणि त्याच्या आईला सांगितलं, कलहंसामागे धावताना पडला. तो कलहंस विसरता येत नाही. पोलसला कसब होतंच. फक्त असा राजा सुखी असतो, हे त्या गोष्टीनं सिद्ध होत नाही. मग तो हसून वेळ मारून नेऊ पाहतो, तेव्हा सॉक्रेटिस विचारतो, हसणं हा खंडनाचाच नवा प्रकार का?

मला खरी चुटपुट लागते ती पुढे. पोलसचं म्हणणं, अन्याय करण्यापेक्षा सोसणं जास्त वाईट; पण सोसण्यापेक्षा करणं जास्त लाजिरवाणं, हे तो प्रामाणिकपणे मान्य करतो. सॉक्रेटिस म्हणतो, जास्त लाजिरवाणं म्हणजे एकतर जास्त दुःखद, नाहीतर जास्त वाईट. करणाऱ्याला सोसणाऱ्याहून जास्त दुःख होत नाही, म्हणजे करणंच जास्त वाईट. पोलस मान डोलावतो. अरे, पण दुःखद कुणाला? करणाऱ्याला, सोसणाऱ्याला, की नुसतं बघणाऱ्याला? एवढं विचारलं असतं, तर सॉक्रेटिसला पुन्हा पहिल्यापासून मांडणी करावी लागली असती.

पुस्तकाच्या समासात 474 आणि 475 हे आकडे (प्लेटोच्या लेखनाचे ठरलेले पानांक) दिसतील. तेवढा भाग पेन्सिल घेऊन पुन्हा वाच. पोलस जिथं जिथं ‘हो’ म्हणतो, तिथं तू काय म्हटलं असतंस ते शेजारी लिही आणि रविवारी पुस्तक घेऊन ये. चहा मी टाकतो.

तुझा,
काका